नैरोबी, १९६४ : पियो गामा पिंटोंचा कामाचा दिवस

सकाळी सहा

नैरोबीत उजाडण्याची वेळ वर्षभर फारशी हलत नाही. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य बाराही महिने सहा-साडेसहाच्या सुमाराला वर येतो. स्वाहिली बोलणारा माणूस तास उजाडल्यापासून मोजतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्याच्या दिवसाचा पहिला तास, आपले दुपारचे बारा म्हणजे सहावा. घटका आणि प्रहर मोजणाऱ्या आपल्या पणज्यांना हा हिशेब चटकन कळला असता. कचेऱ्यांत आणि संसदेच्या मनोऱ्यावर मात्र इंग्रजांनी लावलेलं घड्याळ. पियो गामा पिंटो या दोन्ही घड्याळांवर काम करत. त्यांची कचेरी स्वाहिलीतही छापत होती आणि इंग्रजीतही, आणि दुपारी अडीचला ते ज्या सभागृहात बसत तिथे फक्त इंग्रजी चाले.

खाली लिहिलेला दिवस कॅलेंडरवरच्या कुठल्याही एका तारखेचा नाही. जुलै १९६४ मध्ये पिंटो केनियाच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद झाले. २४ फेब्रुवारी १९६५ ला त्यांचा खून झाला. मधल्या सात महिन्यांत त्यांच्याभोवती असलेली कामं मी एका दिवसाच्या तासांवर लावली आहेत. असं करण्याचं कारण सरळ आहे. पिंटोंबद्दल जे थोडं लिहिलं जातं ते त्यांच्या मरणापासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्यांना हुतात्मा म्हणतात, ते खरंही आहे. पण हुतात्मा होण्याआधी हा माणूस रोज उठून काय करत होता, हे मला अधिक मोलाचं वाटतं. तो मासिक काढत होता, पत्रं लिहीत होता, दुसऱ्यांची भाषणं तयार करत होता, तुरुंगातून सुटलेल्यांच्या घरी पैसे पोचवत होता.

वेस्टलँड्स भागातलं त्यांचं घर सकाळी लवकर जागं होई. तीन मुली, त्यातली सगळ्यात धाकटी अजून दोन वर्षांचीही नव्हती. पत्नी एम्मा सेक्रेटरीची नोकरी करत आणि घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चाले. पिंटोंच्या हातात आलेला पैसा घरापर्यंत क्वचितच पोचायचा. कुणाच्या मुलाची फी, कुणाची औषधं, कुणाचं गावी जायचं भाडं यांत तो वाटेतच संपे. एम्मांनी पुढे अनेक वर्षांनी कॅनडातून दिलेल्या मुलाखतींत या दिवसांबद्दल सांगितलं, त्यात तक्रारीचा सूर मला कुठे जाणवला नाही. पण त्या घराचा भार कोणाच्या खांद्यावर होता, हे वाचणाऱ्याने विसरू नये. नवऱ्याचं राजकारण पगाराविना चालत होतं, कारण बायकोची नोकरी नियमित होती.

सकाळी आठच्या पुढे

गाडी काढायची वेळ. फाटकापर्यंत जाणारा छोटा रस्ता, फाटक उघडेपर्यंत थांबणं, मागच्या सीटवर धाकटी मुलगी. २४ फेब्रुवारी १९६५ ला याच ठिकाणी, मुलगी गाडीत असताना, त्यांना अगदी जवळून गोळ्या घातल्या गेल्या. ते ३७ वर्षांचे होते. केनिया स्वतंत्र होऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं.

खटला झाला. एका तरुणाला फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती जन्मठेपेत बदलली. तो शेवटपर्यंत आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला आणि पस्तीस वर्षं कैदेत काढून २००१ मध्ये सुटला. खून करवला कोणी, हा प्रश्न कुठल्याच न्यायालयाने तडीस नेला नाही. देशाच्या सत्य, न्याय आणि समेट आयोगाने २०१३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा स्वतंत्र केनियातल्या राजकीय हत्यांच्या यादीत हा खून पहिल्यांपैकी होता.

त्या तारखेचे पुढचे तास झालेच नाहीत. बाकीच्या दिवशी फाटक उघडे आणि गाडी शहराकडे निघे.

सकाळी नऊ

पॅन आफ्रिकन प्रेस. हे पिंटोंचं खरं घर म्हणायला हवं. १९६० मध्ये त्यांनी, पुढे सत्तेवर आलेल्या कानू पक्षासाठी ‘सौती या कानू’ हे पत्र सुरू केलं होतं. त्यानंतर ही संस्था उभी राहिली, तिला जवाहरलाल नेहरूंकडून आर्थिक मदत मिळाली, आणि पिंटो तिचे संचालक आणि सचिव झाले. तीन प्रकाशनं इथून निघत. आफ्रिकी माणसाचा आवाज असं नाव घेतलेलं ‘सौती या म्वाफ्रिका’ स्वाहिलीत. न्यांझा प्रांतातल्या वाचकांसाठी ‘न्यांझा टाइम्स’. आणि इंग्रजीत ‘पॅन आफ्रिका’, पंधरवड्याचं नियतकालिक, ज्याची नजर केनियाच्या सीमेबाहेर, सगळ्या खंडावर होती.

नैरोबीच्या वाचकासमोर त्या वेळी इंग्रजीत दोन मोठी दैनिकं होती. ‘ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड’ गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जगातून आलेलं. ‘डेली नेशन’ नवं, १९६० चं, आगाखानांच्या भांडवलाचं. दोघांकडे यंत्रं होती, जाहिराती होत्या, पगारी बातमीदारांची फौज होती. पिंटोंच्या कचेरीकडे यातलं फार थोडं होतं. तिच्याकडे माणसांची ओळख होती. मंत्री, कामगार संघटनांचे चिटणीस, माऊमाऊ या इंग्रजविरोधी बंडाच्या काळातल्या कैदी-छावण्यांतून परत आलेले शेतकरी, पोर्तुगीज वसाहतींविरुद्ध लढणारे निर्वासित, हे सगळे पिंटोंना नावाने ओळखत होते आणि बातमी द्यायला स्वतः येत होते.

इथे मागे जाऊन एक परंपरा सांगायला हवी, कारण पिंटो तिच्यातूनच आले. केनियात हिंदी माणसांचे छापखाने फार जुने. ‘स्टँडर्ड’ची सुरुवातच मुळी १९०२ मध्ये मोंबासात जीवनजी या हिंदी व्यापाऱ्याने केली होती, पुढे ते गोऱ्यांच्या हातात गेलं. १९३० नंतर गिरधारीलाल विद्यार्थी यांनी ‘कलोनियल टाइम्स’ चालवलं, त्यांच्याच छापखान्यातून ‘हबारी झा दुनिया’ हे स्वाहिली पत्र निघालं, आणि सरकारविरोधी लिखाणासाठी ते तुरुंगात गेले. ज्या काळात आफ्रिकी माणसाला छपाईचं यंत्र विकत घेणं जवळपास अशक्य होतं, त्या काळात त्याचे शब्द छापून देण्याचं धाडस काही हिंदी मुद्रकांनी केलं. सगळ्यांनी नाही, बहुसंख्यांनी तर नाहीच. पण जे होते त्यांच्या रांगेत पिंटो उभे होते. ‘कलोनियल टाइम्स’ आणि ‘डेली क्रॉनिकल’ या दोन्ही ठिकाणी त्यांनी पत्रकार म्हणून काम केलं होतं. १९५४ च्या जानेवारीत एम्मा डायस यांच्याशी लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी दिलेले पैसे त्यांनी छपाईच्या यंत्रात घातले, असं सांगितलं जातं.

छोट्या नियतकालिकाची सकाळ कोणत्याही देशात सारखीच असते, आणि मराठीत मासिकं चालवलेल्यांना ती वेगळी सांगायला नको. कागदाचं बिल. न आलेला लेख. आलेला पण दुप्पट लांब लेख. खिळे जुळवून झाल्यावर लक्षात आलेली चुकीची तारीख. गॅली ओढून प्रूफ काढायचं, शाई वाळायच्या आत वाचायचं, परत पाठवायचं. तीन भाषिक जगांसाठी तीन पत्रं काढणाऱ्या कचेरीत हे तिप्पट. आणि त्यात प्रकाशक स्वतःच खासदार असला की दारात उभा असलेला प्रत्येक जण दोन कामं घेऊन आलेला असतो, एक छापण्याचं आणि एक करून देण्याचं.

मला या कचेरीबद्दल सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. पिंटो मासिक सोडून राजकारणात गेले नाहीत, आणि राजकारणासाठी मासिक वापरलं असंही म्हणता येत नाही. दोन्हीकडे त्यांचं काम एकच होतं. दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडून ते योग्य माणसापर्यंत पोचवायचं, आणि त्याखाली सही त्या दुसऱ्याची ठेवायची. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या ओडिंगांच्या भाषणांमागे, पक्षाच्या ठरावांमागे, कामगारांच्या निवेदनांमागे त्यांचा हात असे. म्हणूनच त्यांच्या नावावर दाखवायला फार कागद उरले नाहीत, आणि म्हणूनच ज्यांना ते नकोसे झाले होते त्यांना ते इतके धोक्याचे वाटले. १९६६ मध्ये त्यांच्या आठवणीत एक पुस्तिका निघाली, स्वतंत्र केनियाचा पहिला हुतात्मा असं त्यांना म्हणणारी. ती छापली पॅन आफ्रिकन प्रेसनेच.

सकाळी अकरा

पत्रांची वेळ. बाहेरच्या देशांतली पत्रं या कचेरीत येणं साहजिक होतं. मोझांबिकच्या मुक्तीसाठी १९६२ मध्ये दार-एस-सलाममध्ये फ्रेलिमो स्थापन झाली होती आणि २५ सप्टेंबर १९६४ पासून तिने सशस्त्र लढा सुरू केला. अंगोलात तो आधीच पेटला होता. दोन्हीकडे शत्रू एकच, लिस्बनमधली सालाझारची राजवट. पिंटोंनी या लढ्यांना आपलं मानलं, आणि ते का मानलं हे समजायला गोव्यापर्यंत जावं लागतं.

त्यांचा जन्म ३१ मार्च १९२७ चा, नैरोबीतच. वडील सरकारी नोकरीत. आठव्या वर्षी मुलाला शिकायला गोव्यात पाठवलं. हडफड्याची शाळा, मग धारवाडचं कर्नाटक कॉलेज. त्यानंतर थोडे दिवस हवाई दलात, आणि मग मुंबईत टपाल आणि तार खात्यात नोकरी. ही मुंबई म्हणजे चाळीसच्या दशकातली, संपांची आणि मोर्चांची. टपाल कचेरीतला हा तरुण कारकून संपात उतरला. सतराव्या वर्षापासूनच त्याने पोर्तुगिजांविरुद्ध बोलायला सुरुवात केली होती, पुढे गोव्याच्या मुक्तीसाठी काम करणाऱ्या गोवा नॅशनल काँग्रेसच्या संस्थापकांत तो होता. पोर्तुगीज पोलीस मागावर लागले. पकडलं गेलं असतं तर केप व्हर्डे बेटांवरच्या ताराफाल छावणीत रवानगी होण्याची भीती होती. म्हणून १९४९ मध्ये तो बोटीने पुन्हा केनियाला गेला.

म्हणजे राजकारणाची बाराखडी पिंटो गोव्यात आणि मुंबईत शिकले, आणि ती त्यांनी नैरोबीत वापरली. ते तिथे हिंदी लोकांचे पुढारी झाले असते तर कुणी नवल केलं नसतं. पण त्यांनी जिद्दीने स्वाहिली शिकून घेतलं आणि आफ्रिकी कामगारांच्या संघटनांत जाऊन बसले. गोव्याचा प्रश्नही सोडला नाही. पूर्व आफ्रिकेतले बरेच गोवेकर तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर होते, सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांवर होते, आणि गोव्याबद्दल चारचौघांत बोलणं त्यांना परवडणारं नव्हतं. पिंटो बोलत राहिले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा केनियातल्या गोवेकर समाजात या गोष्टीचा आनंद उघडपणे मानणारे जे होते त्यांत ते होते. गोव्याने मात्र या माणसाला फारसं जवळ केलेलं नाही, आणि आपणही केलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुपारी एक

जेवणाची सुट्टी. हा तास मी लवकर ओलांडतो, कारण राजकारणी माणसाचं जेवण म्हणजे भेटी.

भेटणाऱ्यांत दोन नावं ठळक. जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे, आई मासाई, शिक्षण दक्षिण भारतात झालेलं, त्या वेळी केनियाचे परराष्ट्रमंत्री. आणि फिट्झ दि सोझा, गोवेकर वकील, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केन्याटांच्या कापेनगुरियाच्या खटल्यात बचाव पक्षाचे एक वकील, आता प्रतिनिधिगृहाचे उपसभापती. १९५२-५३ च्या त्या खटल्यात ब्रिटनहून आलेले बॅरिस्टर डी. एन. प्रिट यांच्या मदतीला पिंटोही धावत होते. तिघांची मैत्री तेव्हापासूनची. मुरुंबी १९९० मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये पिंटोंच्या कबरीजवळ जागा मिळाली.

दुपारी अडीच

संसदेच्या मनोऱ्यावर अडीच वाजले की सभापती हम्फ्री स्लेड आसनावर येत आणि प्रार्थनेनंतर प्रश्नोत्तरं सुरू होत.

पिंटोंना मतदारसंघ नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळच्या घटनेत प्रतिनिधिगृहात मतदारसंघांतून आलेल्या ११७ सभासदांबरोबर बारा ‘विशेष निर्वाचित’ जागा होत्या, आणि त्या जागांवरचे लोक बाकीच्या सभासदांनी निवडायचे असत. आधी, १९६३ मध्ये, पिंटो केंद्रीय विधानसभेवर गेले होते. केनिया, युगांडा आणि टांगानिका यांच्यात रेल्वे, बंदरं, टपाल, कर यांसारख्या सामाईक सेवा होत्या, त्यांच्यावर देखरेख करणारी ही तीन देशांची सभा. टपाल खात्यात कारकून म्हणून काम केलेला माणूस तीन देशांच्या टपालाचा विचार करणाऱ्या सभेत बसला. जुलै १९६४ मध्ये ते प्रतिनिधिगृहात आले.

त्यांना तिथे निवडून देणारे सभासद त्यांची वक्तृत्वकला पाहून देत नव्हते. त्यांना ठाऊक होतं की हा माणूस आकडे काढून देतो, ठरावाची भाषा तपासतो, कुठला सभासद कशावर अडेल हे आधी सांगतो. पाठीमागच्या बाकांवरचे अनेक जण शाळेत जेमतेम शिकलेले, पण इंग्रजीतच बोलणं बंधनकारक. संसदेत स्वाहिलीला जागा मिळायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. आपल्या गावच्या जमिनीचा प्रश्न मांडायचा, पण तो परक्या भाषेत, संसदीय नियमांच्या अरुंद वाटेतून. अशा सभासदाला मसुदा करून देणारा सहकारी किती मोलाचा असेल, याचा अंदाज आपल्या विधिमंडळात पहिल्यांदा गेलेल्या ग्रामीण आमदाराला लगेच येईल.

आणि इथेच प्रकाशक पुन्हा समोर येतो. दुपारी सभागृहात जे इंग्रजीत बोललं जाई ते गावाकडच्या माणसापर्यंत स्वाहिलीत पोचायला हवं. ‘सौती या म्वाफ्रिका’ ते करू शके. संसदेतलं बाक आणि कचेरीतलं टेबल, या दोन जागांमध्ये रोज फिरणारा माणूस दुसरा क्वचितच असेल.

त्या वर्षी सभागृहातला सगळ्यात जड विषय जमिनीचा होता. इंग्रजांनी केनियाच्या उंचावरच्या सुपीक जमिनी गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, त्यांना व्हाइट हायलँड्स म्हणत. या जमिनींसाठीच माऊमाऊचे लोक जंगलात गेले, हजारोंनी मेले आणि छावण्यांत डांबले गेले. स्वातंत्र्य आल्यावर जमिनीचं वाटप झालं ते विकत घेऊन. १९६२ पासून दहा लाख एकरांची योजना सुरू झाली. ब्रिटन आणि जागतिक बँकेच्या कर्जातून गोऱ्या मालकांना किंमत द्यायची, आणि जमीन मिळालेल्या आफ्रिकी कुटुंबाने ते कर्ज वर्षानुवर्षं फेडायचं. आपल्याच आजोबांची हिसकावून घेतलेली जमीन हप्त्यांनी विकत घ्यायची! बिल्डाड कॅगिया हा जुना लढवय्या या व्यवहाराविरुद्ध बोलला आणि जून १९६४ मध्ये त्याचं उपमंत्रिपद गेलं. पिंटो कॅगियाच्या बाजूचे होते. गोरे सोडून जात होते त्या मोठ्या शेतांवर नव्या सत्तेतली वजनदार माणसं मालक होऊन बसत होती, आणि हे पिंटोंना उघड दिसत होतं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विरोधी पक्ष काडूने स्वतःला विसर्जित केलं आणि त्याचे सभासद सरकारी बाकांवर येऊन बसले. १२ डिसेंबरला देश प्रजासत्ताक झाला, केन्याटा राष्ट्राध्यक्ष आणि ओडिंगा उपराष्ट्राध्यक्ष. यापुढे भांडण समोरच्या बाकांशी उरलं नाही. ते एकाच पक्षाच्या पोटात, एकाच चहाच्या टेबलावर होऊ लागलं. पिंटो अशा भांडणाला तयार होते. पण ज्या लोकशाहीत विरोधी बाक रिकामं असतं तिथे आतून विरोध करणाऱ्याला कुठलंच संरक्षण उरत नाही, हे त्या संपूर्ण पिढीला फार उशिरा उमगलं.

संध्याकाळी साडेसहा

सभागृह उठलं. बाहेर पडताना कॉरिडॉरमध्ये जे बोलणं होतं ते हॅन्सार्डमध्ये, म्हणजे सभागृहाच्या छापील कामकाजात, येत नाही. फिट्झ दि सोझांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे: संसदेच्या आवारात केन्याटा आणि पिंटो यांच्यात जमिनींवरून मोठ्या आवाजात झालेलं भांडण. ज्या माणसाच्या सुटकेसाठी पिंटोंनी खटल्याच्या काळात रात्रंदिवस धडपड केली, त्याच्याच तोंडावर जमिनी कशा हडपल्या जात आहेत हे सांगायला ते कचरले नाहीत. हा प्रसंग वाचल्यावर मला पिंटोंबद्दल जितका आदर वाटला तितकाच त्या आवाराचा धाक वाटला. भांडण ऐकणारे सगळे जण मित्र नव्हते.

संध्याकाळ शहरातल्या कामांची. नैरोबीतल्या गोवेकर समाजाचे क्लब या वेळी भरत. जिमखाना वरच्या कचेरीतल्यांचा, इन्स्टिट्यूट मधल्या कारकुनांचं, शिंप्यांची सोसायटी वेगळी. इंग्रजांनी पगाराची तीन दालनं केली होती, गोऱ्यांचं, आशियाई लोकांचं आणि आफ्रिकी लोकांचं. गोवेकरांनी आपल्या दालनात आणखी खण पाडले होते. पिंटोंची माणसं बहुधा या क्लबांच्या बाहेरच भेटत. ज्यांना छावण्यांतून सोडलं पण ज्यांच्याकडे ना जमीन होती ना काम, ते पूर्वीचे बंदी त्यांच्याकडे येत. पिंटो स्वतः त्यांच्यातलेच होते. जून १९५४ मध्ये, लग्नाला पाच महिने झाले असताना, त्यांना अटक झाली आणि लामूजवळच्या मांडा बेटावर माऊमाऊच्या ‘कट्टर’ समजल्या गेलेल्या कैद्यांबरोबर ठेवलं. १९५८ च्या सुरुवातीला तिथून काढून दूरच्या कबारनेटमध्ये नजरकैदेत टाकलं. ऑक्टोबर १९५९ मध्ये ते मोकळे झाले. या पाच-सव्वापाच वर्षांत बरोबर राहिलेल्या माणसांना ते बाहेर आल्यावर विसरले नाहीत. यासाठी कुठलं खातं नव्हतं, कुठला निधी नव्हता. खिशात जे असेल ते आणि मित्रांकडून मागून आणलेलं.

याच काळात शहराबाहेर लुमुंबा इन्स्टिट्यूट उभं राहत होतं. कांगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्या नावाने, कानू पक्षाच्या कार्यकर्त्यांना राजकीय शिक्षण देण्यासाठी. ते उभारण्यात पिंटोंचा पुढाकार होता. प्रकाशक माणूस शाळा काढतो तेव्हा त्याला वाचक घडवायचे असतात. पक्षाचा शाखाप्रमुख पक्षाचा जाहीरनामा वाचून नेत्याला जाब विचारू शकला, तर पक्ष जिवंत राहील, असा त्यांचा विश्वास असावा असं मला त्यांच्या सगळ्या कामावरून वाटतं. संस्था १९६५ मध्येच बंद पडली.

रात्री नऊ

घर. मुली झोपलेल्या. कबारनेटच्या नजरकैदेत एम्मा त्यांच्याजवळ राहायला जाऊ शकल्या होत्या. त्याआधी मांडा बेटावर होते तेव्हा चालत होती ती फक्त पत्रं, तीही तपासून पुढे जाणारी. या बाईंनी लग्नानंतरची अकरा वर्षं अशीच काढली: काही तुरुंगाच्या दाराशी, काही नोकरी आणि मुली सांभाळत. सप्टेंबर १९६५ मध्ये त्या चिलीच्या सांतियागोला गेल्या. पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पिंटोंना मरणोत्तर पारितोषिक दिलं होतं, आफ्रिकी देशांच्या मुक्तीसाठी पत्रकारितेतून केलेल्या कामाबद्दल. ते त्यांनी स्वीकारलं. पुढे १९६७ मध्ये मुलींना घेऊन त्या कॅनडाला गेल्या.

रात्री अकरा

आता टेबलावरचं काम. १९६५ च्या सुरुवातीला सगळ्या शहरात एकाच कागदाची चर्चा होती. सरकार ‘आफ्रिकी समाजवाद’ या नावाने आपलं आर्थिक धोरण आणणार होतं, ‘सेशनल पेपर क्रमांक १०’. टॉम म्बोया यांच्या नियोजन खात्याने त्याची रचना केली. नावात समाजवाद होता, आतला भर खासगी मालकी, परदेशी भांडवल आणि जिथे उत्पन्न आधीच चांगलं आहे त्या भागांत गुंतवणूक करण्यावर होता. ज्या जिल्ह्यांत पाऊस कमी, रस्ते नाहीत, तिथे पैसा नंतर कधीतरी. केनियाच्या उत्तरेच्या कोरड्या जिल्ह्यांचे लोक आजही आपल्या मागासलेपणाचं मूळ या कागदात दाखवतात.

ओडिंगांच्या गटाला त्याविरुद्ध उभं राहायचं होतं आणि त्यासाठी पर्यायी मांडणी हवी होती. अशी मांडणी करू शकणारा, आकडे जमवणारा, वेगवेगळ्या प्रांतांच्या सभासदांना एका मसुद्यावर आणणारा, आणि तो मसुदा छापून वाटणारा, असा त्या गटात एकच माणूस होता. जमीन कोणाची, राष्ट्रीयीकरण कशाचं, छावण्यांतून आलेल्यांचं काय, हे प्रश्न त्याला भाषणासाठी पाठ करावे लागत नव्हते. रात्रीच्या या तासात तो तेच काम करत होता.

सेशनल पेपर क्रमांक १० एप्रिल १९६५ मध्ये संसदेपुढे आला आणि मे महिन्यात मंजूर झाला. पर्यायी मसुदा सभागृहात आला नाही. एप्रिल १९६६ मध्ये ओडिंगांनी उपराष्ट्राध्यक्षपद सोडून नवा पक्ष काढला, कॅगिया त्यांच्याबरोबर गेले आणि पुढच्या पोटनिवडणुकीत पडले. ओडिंगांच्या जागी मुरुंबी उपराष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी त्यांनीही राजीनामा दिला.